विमादावा-निर्धारक परवाना

विमा उतरविलेल्या मालमत्तेचे नुकसान झाल्यावर त्याची पाहणी करणे, नुकसानीचे कारण विमापत्राच्या कक्षेत येते किंवा नाही हे तपासणे व भरपाईच्या रकमेविषयी तडजोड घडवून आणणे या कामांसाठी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील घटक राज्यांकडून व्यक्तीला दिली जाणारी अनुज्ञा. असे काम करणाऱ्यास तेथे ‘अ‍ॅडजस्टर’ म्हणतात. त्याचे तीन प्रकार आहेत : विमा कंपनीच्या पगारी नोकरीत असलेला, अनेक कंपन्यांसाठी मोबदला घेऊन काम करणारा ‘स्वतंत्र’ निर्धारक, आणि विमेदाराने स्वतःच्या बाजूने नेमलेला ‘सार्वजनिक’ निर्धारक. यांपैकी ‘स्वतंत्र’ हे विशेषण काहीसे फसवे आहे. हा निर्धारक नोकरीच्या बंधनातून मोकळा असला, तरी त्याचा मोबदला विमा कंपनीच देते. विमापत्र हे मूलतः भविष्यकाळातील भरपाईचे वचन होय. त्या वचनाचे प्रत्यक्ष मोल निर्धारकाच्या अहवालावर बऱ्याच अंशी अवलंबून असल्याने तो कोणाच्या वतीने व कोणत्या नियमांखाली काम करतो, हा प्रश्न परवानापद्धतीच्या मुळाशी आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : हा परवाना केंद्र सरकार न देता राज्ये देतात, याचे कारण अमेरिकन विमाव्यवसायाच्या इतिहासात सापडते. न्यू हँपशर राज्याने १८५१ मध्ये विमा आयुक्तांचे मंडळ नेमले. इतर राज्यांनीही पुढे तशी खाती निर्माण केली. योगायोग असा की, राज्यांच्या अधिकारावर शिक्कामोर्तब करणारा निकालही एका परवान्याच्या वादातूनच निघाला. न्यूयॉर्कमधील आगविमा कंपन्यांचा व्हर्जिनियातील अभिकर्ता सॅम्युएल पॉल याने राज्याच्या कायद्यानुसार आवश्यक असलेले रोखे ठेव म्हणून जमा केले नाहीत. म्हणून त्यास परवाना नाकारण्यात आला. तरीही त्याने विमापत्र विकले व त्याबद्दल त्यास ५० डॉलर दंड झाला. ‘पॉल विरुद्ध व्हर्जिनिया’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १८६९ मध्ये असा निर्णय दिला की, विमापत्र देणे हा आंतरराज्य व्यापार नव्हे. साहजिकच त्याचे नियमन राज्यांकडे राहिले. राज्याराज्यांच्या नियमांत मेळ घालण्यासाठी १८७१ मध्ये विमा आयुक्तांची राष्ट्रीय परिषद स्थापन झाली.

पुढे १९४४ मध्ये ‘साउथ-ईस्टर्न अंडररायटर्स असोसिएशन’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही भूमिका बदलली व विमा हा आंतरराज्य व्यापार असल्याचे मान्य केले. परंतु संसदेने १९४५ च्या मॅकॅरन-फर्ग्युसन अधिनियमाद्वारे नियमनाचे अधिकार राज्यांकडेच ठेवले. आजच्या परवान्याचा वैधानिक आधार तेथे आहे.

निर्धारणातील वाद : परवान्याच्या तरतुदी प्रथम कंपन्या व अभिकर्ते यांच्यासाठी झाल्या, निर्धारकाकडे कायद्याचे लक्ष उशिरा गेले. वास्तविक त्याच्या निर्णयाचे महत्त्व सॅन फ्रॅन्सिस्को येथील १८ एप्रिल १९०६ च्या भूकंपानेच स्पष्ट केले होते. भूकंपामागोमाग लागलेल्या आगीत सुमारे २८,००० इमारती नष्ट झाल्या. विमा आगीचा होता, भूकंपाचा नव्हता. शिवाय इमारत आगीखेरीज अन्य कारणाने कोसळल्यास विमा संपुष्टात येतो, असे कलम अनेक विमापत्रांत होते. त्यामुळे घर आधी पडले की आधी जळले, हा प्रश्न राखेच्या ढिगाऱ्यावर उभे राहून सोडवावा लागला. काही कंपन्यांनी पूर्ण भरपाई दिली, काहींनी डॉलरमागे ७५ सेंट देऊ केले, तर काहींनी जबाबदारी नाकारली.

निर्धारकाच्या कामास दुसऱ्या बाजूने वकीलवर्गाने आव्हान दिले. विमापत्रातील कलमांचा अर्थ लावून तडजोड करणे ही वकिलीच होय, असा त्यांचा आक्षेप होता. मिसूरीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३९ मध्ये वकील नसलेल्या कर्मचाऱ्यांना तडजोडीचे सामान्य काम करण्यास मुभा दिली. मात्र कायदेशीर सल्ला देण्यावर मर्यादा घातली. विमेदाराच्या बाजूने काम करणाऱ्या सार्वजनिक निर्धारकास हा आक्षेप अधिक जाचक ठरला.

परवाना मिळविणे व टिकविणे : राज्यपरत्वे नियम भिन्न आहेत. इलिनॉयसारख्या काही राज्यांत स्वतंत्र निर्धारकास परवान्याची आवश्यकता नाही. टेक्सस, फ्लॉरिडा इ. राज्यांत ती आहे. टेक्ससमध्ये उमेदवाराचे वय किमान १८ वर्षे असावे लागते. त्यास बोटांचे ठसे देऊन पूर्वचारित्र्याच्या तपासणीस सामोरे जावे लागते. राज्याची परीक्षा उत्तीर्ण होणे किंवा मान्यताप्राप्त असा ४० तासांचा पूर्वाभ्यासक्रम त्याच्या अंतिम चाचणीसह पूर्ण करणे, हे दोन पर्याय असतात. परवान्याची मुदत दोन वर्षे असून त्या काळात २४ तासांचे शिक्षण पूर्ण करावे लागते. त्यांपैकी तीन तास व्यावसायिक नीतीसाठी राखून ठेवलेले असतात. शिक्षणाचे तास कमी पडल्यास दंड होतो. लबाडी, पैशाचा अपहार किंवा अर्जातील खोटी माहिती यांबद्दल परवाना निलंबित वा रद्द होऊ शकतो.

एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात आपोआप चालत नाही. तथापि परस्परमान्यतेमुळे स्वतःच्या राज्यातील परवानाधारकास अन्यत्र पुन्हा परीक्षा द्यावी लागत नाही, अशी सवलत पुष्कळ ठिकाणी आहे. ज्याच्या राज्यात परवानाच नसतो, तो दुसरे एखादे राज्य ‘निर्दिष्ट गृहराज्य’ म्हणून स्वीकारू शकतो. मोठ्या आपत्तीच्या वेळी स्थानिक निर्धारक अपुरे पडतात. अशा प्रसंगी टेक्ससचा कायदा ९० दिवसांच्या तातडीच्या परवान्याची सोय करतो. या सोयीमुळे पाहणी लवकर होते; परंतु अल्पानुभवी व्यक्तींच्या हाती मोठ्या रकमांचे निर्णय जातात, हा तिचा दोषही आहे.

सार्वजनिक निर्धारकावर अधिक कडक बंधने असतात, कारण संकटात सापडलेल्या विमेदाराकडून तो भरपाईचा हिस्सा घेतो. फ्लॉरिडात त्यास ५०,००० डॉलरचे हमीपत्र द्यावे लागते. राज्यपालाने आणीबाणी जाहीर केलेल्या आपत्तीतील दाव्यांवर पहिल्या वर्षी त्याचे शुल्क भरपाईच्या दहा टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. अलाबामात या व्यवसायास मुळातच मज्जाव आहे.

परवान्याच्या मर्यादा : परवान्याने पात्रतेची खात्री मिळते, निःपक्षपातीपणाची नाही. २९ ऑगस्ट २००५ रोजी लुइझिॲना व मिसिसिपी किनाऱ्यांवर आदळलेल्या कॅटरिना वादळानंतर १९०६ मधील प्रश्न नव्या रूपात पुढे आला : घर वाऱ्याने पडले की पुराने? वाऱ्याच्या नुकसानीची जबाबदारी खाजगी कंपनीची होती. पुराची भरपाई १९६८ मध्ये सुरू झालेल्या केंद्रीय पूरविमा योजनेतून होत असे. पुष्कळदा दोन्ही नुकसानींचे निर्धारण एकाच कंपनीमार्फत होई. त्यामुळे वाऱ्याचे नुकसान पुराच्या खात्यावर टाकण्यात कंपनीचे हित गुंतलेले असे. असे घडल्याची तक्रार निर्धारकाचे काम करणाऱ्या दोन भगिनींनीच न्यायालयात नेली. एका घराच्या संदर्भात केंद्र सरकारकडे खोटा दावा सादर झाला, असा निर्णय मिसिसिपीतील ज्यूरीने २०१३ मध्ये दिला. हा खटला काढून टाकण्याची कंपनीची मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अमान्य केली.

भारतातील पद्धती : भारतात विमा हा विषय संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीत (क्र. ४७) आहे, त्यामुळे परवाना राज्यनिहाय नसून देशभर एकच असतो. विमा अधिनियम, १९३८ मध्ये १९६८ साली झालेल्या दुरुस्तीने कलम ६४ यूएम समाविष्ट झाले. त्यानुसार २०,००० रुपये वा त्याहून अधिक रकमेच्या दाव्यासाठी परवानाधारक सर्वेक्षक व हानिनिर्धारकाचा अहवाल आवश्यक ठरला. विमा नियामक व विकास प्राधिकरणाने २००० मध्ये या व्यावसायिकांचे परवाने, पात्रता व आचारसंहिता यांविषयी विनियम केले. येथेही सर्वेक्षकाची नेमणूक सामान्यतः कंपनी करते व शुल्कही तीच देते. दोन्ही देशांतील रचना भिन्न असली, तरी मूळ अडचण समान आहे : नुकसान मोजणारा बहुधा ते भरून देणाऱ्याचाच नेमलेला असतो. परवाना ही अडचण दूर करीत नाही. मात्र मोजणारा कोण आहे हे तो उघड करतो व चुकीबद्दल त्यास उत्तरदायी धरतो. संकटग्रस्त विमेदाराच्या दृष्टीने त्याचे महत्त्व यातच आहे.