माफ झालेलें कर्ज आणि प्राप्तीवरील कर

सावकारानें खत फाडलें म्हणजे ऋणको सुटला, असा सामान्य समज आहे. परंतु जें परत द्यावें लागलें नाहीं तें उत्पन्नच कां समजूं नये, असा प्रश्न सरकार विचारूं शकतें; आणि त्याचें उत्तर देशोदेशीं निराळें आहे.

१८७५ सालीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें कुणब्यांनीं सावकारांचीं खतें हिसकावून जाळलीं. त्यानंतरचा १८७९ चा कायदा पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांस लागू झाला, आणि खताच्या मागें जाऊन मूळ हिशेब तपासण्याची मुभा न्यायाधीशास मिळाली. बीड अहमदनगरास लागूनच; पण मुलूख निजामाचा, म्हणून तो कायदा शिवेवरच थांबला!

प्राप्तीवरील कर १८६० सालीं आला तेव्हां त्यांत शेतीही होती. १८८६ त ती वगळली गेली. हिंदुस्थान सरकारचा हा कर बीडला लागला १९५० पासून. त्यामुळें २००८ च्या कर्जमाफीचा वाद बीडमध्यें कराचा नव्हताच, तो जमिनीच्या मापाचा होता. दोन हेक्टरांपर्यंत पूर्ण माफी, त्यापुढें सामान्यतः चतुर्थांश सूट, तीही बाकी रक्कम भरल्यास. बागाइती पांच एकर आणि बीडचे कोरडवाहू पांच एकर एकाच मापानें मोजणें हा न्याय कसला?

मोंढ्यांतील व्यापाऱ्याची गोष्ट वेगळी. त्यानें उधारीवर घेतलेल्या मालाची किंमत खर्चीं टाकून कर वांचविला आणि पुढें ती उधारी माफ झाली, तर १९६१ च्या कायद्याच्या ४१ व्या कलमानें ती जमेस धरली जाई. एकच रक्कम दोनदां फायद्याची होऊं नये, हें त्यामागचें तत्त्व रास्तच होय.

पण मालाची उधारी नसून यंत्रसामुग्रीचें कर्ज असेल तर? मुंबईच्या महिंद्र आणि महिंद्र कंपनीनें जीप गाड्यांचे साचे वगैरे घेण्यासाठीं अमेरिकेच्या कैसर जीप कंपनीकडून कर्ज घेतलें होतें. पुढें कैसरचा धंदा घेणाऱ्या अमेरिकन मोटर्सनें त्याचें मुद्दल, रुपये ५७,७४,०६४, सोडून दिलें. खात्यानें तें १९७६-७७ च्या आकारणींत उत्पन्न धरलें. निकाल सर्वोच्च न्यायालयांत लागला तो एप्रिल २०१८ मध्यें, म्हणजे चार दशकांनीं! न्यायालय म्हणालें कीं, कंपनीनें ही रक्कम पूर्वीं खर्चीं टाकलेली नाहीं, म्हणून ४१ वें कलम नाहीं; आणि २८ व्या कलमांतील लाभ पैशाखेरीज अन्य रूपाचा हवा, म्हणून तेंही नाहीं. २०२३ त संसदेनें रोख लाभही त्या कलमांत घातला.

अमेरिकेंत १९३१ सालच्या कर्बी लंबर खटल्यापासून उलट रीत आहे. न्यू जर्सीच्या मराठी कुटुंबास क्रेडिट कार्डाचें सहाशें डॉलर वा अधिक कर्ज बँकेनें सोडलें, तर बँक तशी खबर करखात्यास देते, आणि कुटुंबास तें विवरणपत्रांत दाखवावें लागतें. माफीच्या क्षणीं देणें मालमत्तेहून अधिक असेल तर तेवढ्यापुरती सूट मिळते. बीडच्या पगारदार शिक्षकानें घरखर्चास कार्ड वापरलें असेल, तर त्यानें तो खर्च उत्पन्नांतून वजा घेतलेलाच नसतो, व्यापारही नसतो. म्हणून व्यापारी लाभाचीं हीं कलमें त्यास लागत नव्हतीं. मात्र तडजोडीचा शेरा त्याच्या पतनोंदींत पडतो, आणि पुढील कर्जाच्या वेळीं बँक तोच प्रथम वाचते.