मृगाला बदलणारं साल

विद्यार्थी असताना मी एका छोट्या संग्रहालयात इंटर्न म्हणून गेलो. पहिलाच प्रश्न आला, "तुम्ही इकडे कसे?" त्याचं उत्तर एका कागदाने दिलं. सोबतचा मुलगा मोडी झरझर वाचत होता, पण सालापाशी अडला: 'समान खमसैन अलफ'. मला मदरशातली गिनती आठवली. समान म्हणजे आठ, खमसैन पन्नास, अलफ हजार. शुहूर सन १०५८. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी १६५७-५८.

म्हणून भोर-वेल्ह्याच्या कॉलेजातल्या मुलामुलींना सांगतो, तालुक्याच्या संग्रहालयात नुसती कपाटं पुसू नका, कागद मागा. भोरजवळच्या कारीच्या जेधे घराण्यातली शकावली टिळकांनी १९१६ साली छापली आणि शिवजन्माच्या तिथीचा वाद पेटला. असे कागद अजूनही कुणाच्या माळ्यावर असतील. आदिलशाहाने १६५९ मध्ये कान्होजी जेध्यांना पाठवलेलं फर्मान तर फारसीत आहे. उर्दू वाचणाऱ्या मुलीची लिपीपुरती वाट तिथे आधीच चालून झालेली असते.

आणि मिळवायचे आकडे दोन का? शुहूर साल जानेवारीत नाही, मृगाला बदलतं. अंक अरबी, हिशेब पेरणीचा. वेल्ह्यातला भातशेतकरी आजही मृगाचीच वाट पाहतो.