नाणेघाटाचे मैलकुली

सरकारी रस्त्यावर पूर्वी ठरावीक अंतरामागे एक मैलकुली असायचा. गटार मोकळं ठेव, खड्ड्यात मुरूम टाक, आडवी आलेली फांदी छाट, एवढंच त्याचं काम. रस्त्याच्या उद्घाटनाला त्याला कोणी बोलावत नसे, आणि एक पावसाळा तो रजेवर गेला तर रस्ता उखडलेला दिसे. बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून माझी उभी नोकरी घाटरस्त्यांवर गेली. त्यामुळे कुठल्याही वाटेला लागलो, की आधी तिचा मैलकुली कोण हे मी बघतो. नाणेघाटात त्याचा पत्ता लागेना.

कल्याणहून माळशेजकडे निघालं की मुरबाडच्या पुढे वैशाखरे लागतं. तिथून नाणेघाटाची चढण सुरू होते ती वर घाटघरच्या पठारावर संपते, जीवधनच्या पायथ्याशी. सोपारा आणि कल्याण ही बंदरं जुन्नर-पैठणला जोडणारी ही सातवाहनांची वाट. माथ्याजवळ कातळ फोडून काढलेली अरुंद खिंड आहे, खाली मधूनमधून दगडी फरसबंदी आणि पायऱ्या शिल्लक आहेत. काम पक्कं आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कंत्राटदाराचं बिल मी डोळे मिटून पास केलं असतं.

माथ्यावरच्या लेण्यात राणी नागनिकेचा मानला जाणारा ब्राह्मी लेख आहे. कर्नल साइक्सने १८२८ मध्ये त्याकडे इंग्रजांचं लक्ष वेधलं, पुढे भगवानलाल इंद्रजींसारख्यांनी त्याचा अभ्यास केला. सातवाहन घराण्यातल्या माणसांचे पुतळे तिथे होते. आता वरच्या पट्टीतली नावं आणि पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्यात. लेखात यज्ञांच्या दक्षिणेचा हिशेब आहे: एका ठिकाणी १७०० गाई आणि १० हत्ती, दुसरीकडे ११,००० गाई आणि १००० घोडे. एका यज्ञात दक्षिणेची नाणी २४,४००, आणि ६००१ नुसती बघायला जमलेल्यांना आणि सेवकांना गेली. प्रेक्षकांचाही हिशेब ठेवणाऱ्या त्या कारकुनाचं मला फार कौतुक वाटतं. पण ज्या घाटात हा लेख कोरला, त्या घाटावर काय खर्च झाला, याबद्दल त्यात चकार शब्द नाही.

वाटेची काळजी कोणाला होती, ते कळतं पाण्याच्या टाक्यांवरून. सोपाऱ्याच्या गोविंददासाने इथे एक टाकं दान दिलं, त्याचा छोटा लेख आहे. दुसरा आहे दामघोषाचा. वासिष्ठीपुत्र चतरपण सातकर्णीच्या तेराव्या वर्षी, हेमंतातल्या पाचव्या पंधरवड्यात, दहाव्या दिवशी त्याने टाकं दिलं. ही तारीख वाचून मी सुखावलो. तेव्हाच्या मोजणीत हेमंताचे पंधरवडे आठ, म्हणजे हा ऐन थंडीचा दिवस. टाक्याचं खोदकाम पावसात करता येत नाही. शरदात कातळ उघडा पडला की हात घालायचा आणि थंडीत काम उरकायचं. हे माझं गणित आहे, लेखात तसं काही नाही. पण आमच्या खात्यातही कामं अशीच दसऱ्यानंतर निघायची.

माथ्यावर दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकत, असं सांगतात. तसं असेल तर त्यातली काही खाली उतरून झाडलोट करणाऱ्यांच्या हाती पडत असावीत, नाहीतर इतकी शतकं वाट टिकली नसती. कारण इथला पाऊस साधा नाही. १४७० च्या सुमारास अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी घोडा घेऊन चौलहून जुन्नरला आला आणि पावसाळ्यात तिथेच अडकला. चार महिने जिकडेतिकडे पाणी आणि चिखल, असं त्याने लिहून ठेवलंय. त्यात त्याचा घोडाही तिथल्या खानाने काढून घेतला, ती गोष्ट वेगळी.

घाटाचं पोट भरत होतं ते पाठीवर ओझं वाहणाऱ्या बैलांवर. ते संपायला दोन कारणं झाली, रस्ता आणि रेल्वे, आणि दोन्ही बोरघाटातली. जनरल वेलस्लीने १८०४ मध्ये तोफा नेण्यासाठी तिथे रस्ता करून घेतला. नोव्हेंबर १८३० मध्ये गव्हर्नर माल्कमने गाड्यांचा पक्का रस्ता सुरू केला (तोही पाऊस सरल्यावरच). १८६३ मध्ये रेल्वे चढली. मुंबईचा माल तिकडे वळला. ज्या वाटेवर बैल नाही, तिथे जकात नाही आणि जकात नसली की मैलकुलीही नाही.

आता ते काम रविवारी होतं. दसरा ते दिवाळीच्या दरम्यान कल्याण-डोंबिवलीची ट्रेकर पोरं वैशाखऱ्याला उतरतात, सोबत कोयते, पहारी, कुदळी, घमेली. वनखात्याला आधी कळवलेलं असतं. सोनकीची पिवळी फुलं अजून टिकून असतात, गवत मात्र वाळायला लागलेलं, त्यामुळे पँटला कुसळं चिकटतात ती आठवडाभर निघत नाहीत. पोरांना कोयता चालवायची भारी हौस. घाणेरी आणि रानमोडी सपासप तोडतात, फोटो काढतात. तोडलेली झुडपं त्याच वाटेच्या कडेला टाकतात, आणि तीच पुढच्या पावसात वाहून येऊन फरसबंदीवर बांध घालतात. घाणेरी मुळासकट उपटावी लागते, नुसती छाटली तर दुप्पट फुटते.

आमच्याबरोबर वैशाखऱ्याचे एक ठाकर मामा येतात. पहिल्यांदा त्यांनीच मला बाजूला घेऊन सांगितलं, "काका, झाडी मागनं. आधी पानी बगा." मी ओव्हरसियर, तरी मुकाट ऐकलं, कारण बरोबर होतं. वाटेचं नुकसान करतं ते वाटेवरून धावणारं पाणी. माणसांच्या पावलांनी मधली माती खाली बसते, तिचा ओहोळ होतो, मग फरसबंदीच्या दगडाखालची चीप निघून जाते आणि दगड डुगडुगतो. म्हणून दर काही पावलांवर वाटेला तिरका चर काढायचा, डोंगराकडून दरीकडे. खालच्या अंगाला चांगला मोठा धोंडा अर्धा पुरून ठेवायचा, म्हणजे पाणी वळतं. चरात साठलेली माती घमेल्याने वरच्या खड्ड्यात. दिवसभर राबून दहा-बारा चर होतात आणि फोटोत काहीच दिसत नाही. पोरं त्यामुळे जरा खट्टू होतात.

सिमेंटच्या पायऱ्या करून टाकू, असं दरवर्षी कोणीतरी म्हणतंच. देणगीदारही तयार असतो, त्याला पाटी लावायची असते. मी नाही म्हणतो. जुना दगड पाण्याला सांधीतून खाली जाऊ देतो. सिमेंट पाणी अडवतं, मग ते कडेने उकरत जातं आणि दोन पावसाळ्यांत पायरी अधांतरी लोंबते. शिवाय कोरीव कातळाला आपण हात लावायचा नाही, सैल माती आणि निखळलेले दगड एवढाच आपला अधिकार. देणगीदाराला मी दामघोषाचं उदाहरण देतो. पाण्याचं टाकं उपसून दे म्हणतो, त्यात बेडूक आणि प्लास्टिकच्या बाटल्या साठल्यात. अजून कोणी तयार झालेलं नाही.

यंदा खिंडीच्या खालचं एक वळण राहिलंय. तिथला मोठा दगड पुरता फिरलाय आणि त्याच्याखाली माती उरलेली नाही. चार जणांनी हलत नाही, हे बघून झालं. पुढच्या रविवारी दोन पहारी जास्त आणा आणि मामांना आधी निरोप धाडा, असं पोरांना सांगून ठेवलंय.