अवकाशातील पाणी : आधी घाम, मग लघवी

पोंभुर्ण्याकडच्या मुलांना जलचक्र नवे नसते. पावसाळ्यात भरलेली बोडी धानाच्या बांध्यांना पाणी देते, उन्हाळ्यात आटते आणि पुढच्या पावसात पुन्हा भरते. पण ‘अवकाशस्थानकात लघवीपासून पिण्याचे पाणी करतात’ असे सांगितले की वर्गात एकच ‘शी!’ उठते. शिक्षकांनी ती दाबू नये. तिच्यामागे रास्त प्रश्न आहे : त्यातली घाण जाते कुठे?

चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांत हा प्रश्नच आला नाही. तेथे विजेसाठी इंधनघटांत हायड्रोजन व ऑक्सिजन यांचा संयोग होई आणि पाणी आयतेच मिळे. महिनोन्महिने राहायचे ठरले, तेव्हा मात्र अडचण उभी राहिली. सोव्हिएत संघाच्या ‘साल्युत-४’ स्थानकावर १९७५ साली हवेतील बाष्प थंड करून मिळालेले पाणी शुद्ध करून वापरण्यात आले. हे बाष्प म्हणजे माणसांचा उच्छ्वास आणि घाम. राकेश शर्मा १९८४ च्या एप्रिलमध्ये ज्या ‘साल्युत-७’ वर राहिले, तेथेही ही सोय होती. घामाचा क्रमांक आधी का लागला, हे मुलांनाच विचारावे. घाम वाळला की सदऱ्यावर मिठाचे पांढरे डाग राहतात. हवेत जाते ते पाणीच. निम्मे काम आधीच झालेले!

लघवीतील क्षार व युरिया विरघळलेले असतात, त्यामुळे फडक्याने गाळून ते निघत नाहीत. पाण्याची वाफ करावी लागते. वर्गात पसरट टोपात मीठ-हळदीचे पाणी घ्यावे, मधोमध रिकामी वाटी ठेवावी, टोपावर प्लॅस्टिकचा कागद बांधून वाटीच्या बरोबर वर एक खडा ठेवावा. चंद्रपूरचे ऊन पुढचे काम करते. वाटीत जमलेले थेंब ना पिवळे असतात, ना खारट. स्थानकात मात्र वजनरहित अवस्था. वाफ वर, पाणी खाली असे आपोआप होत नाही. म्हणून हे काम फिरत्या पिंपात, कमी दाबाखाली करतात.

या यंत्राची निकड २००३ मध्ये कळली. फेब्रुवारीत ‘कोलंबिया’ यान कोसळल्यावर अमेरिकेची शटल याने थांबली, पाण्याचा पुरवठा तुटपुंजा झाला आणि आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावर तिघांऐवजी दोघांनाच ठेवावे लागले. नोव्हेंबर २००८ मध्ये ‘एन्डेव्हर’ यानाने नवी यंत्रणा तेथे नेली. २० मे २००९ रोजी तिघांनी तिचे पाणी प्रथम प्यायले. त्याच महिन्याच्या अखेरीस स्थानकावर सहा जण राहू लागले.

पण यंत्र लवकरच तुंबले. जमिनीवरील चाचण्यांत असे झाले नव्हते. कारण शोधता असे दिसले की, वजनरहित अवस्थेत हाडांतील कॅल्शियम झिजून लघवीत उतरते. लघवी टिकावी म्हणून तीत सल्फ्युरिक आम्ल घालत. दोन्ही मिळून कॅल्शियम सल्फेट तयार झाले, म्हणजे जिप्सम. आपल्या फळ्यावरच्या खडूत असते तेच! पुढे सल्फ्युरिकऐवजी फॉस्फोरिक आम्ल वापरू लागले. राहिलेल्या दाट खारट द्रवातूनही पाणी काढणारे उपकरण जोडल्यावर २०२३ मध्ये एकूण ९८ टक्के पाणी परत मिळू लागले. उरलेली घाण त्या उपकरणाच्या पिशवीत सुकून राहते.