दहा तासांची शाळा

१/ १९४० च्या जूनमध्ये फ्रान्स पडला आणि अमेरिकेतील कारखान्यांपुढे शस्त्रनिर्मितीच्या मागण्यांचा ढीग लागला. यंत्रे वाढवता येत होती. निष्णात हात एका रात्रीत घडत नव्हते. पुढे तरुण कामगार सैन्यात गेले आणि त्यांच्या जागी यंत्र कधीही न हाताळलेल्या लाखो स्त्रिया उभ्या राहिल्या.

२/ ऑगस्ट १९४० मध्ये ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ ही सरकारी सेवा सुरू झाली. तिचा पाया होता पहिल्या महायुद्धात जहाजबांधणीसाठी चार्ल्स ॲलन यांनी वापरलेली चार पायऱ्यांची पद्धत : शिकणाऱ्याची तयारी, प्रात्यक्षिक, त्याच्याकडून करवून घेणे आणि चाचणी.

३/ वर्ग कामगारांचा नव्हता, मुकादमांचा होता. दोन तासांची पाच सत्रे. विजेच्या तारेची एक गाठ आधी नुसती सांगून, मग नुसती दाखवून शिकवली जाई. दोन्ही वेळा शिकणारा अडखळे. मग चार पायऱ्या येत. बोट कुठे कापेल, माल कुठे बिघडेल, हे त्या-त्या टप्प्यावरच सांगायचे. सुरक्षितता आणि गुणवत्ता हे वेगळे धडे नव्हते.

४/ माणसे सांभाळण्याचे आणि कामाची पद्धत सुधारण्याचे स्वतंत्र अभ्यासक्रमही होते.

५/ १९४५ पर्यंत सोळा लाखांहून अधिक जण प्रशिक्षित झाले. युद्ध संपताच अमेरिकेने ही सेवा बंद केली. पराभूत जपानने ती उचलली आणि टोयोटाने रुजवली. तिचे मूळ सूत्र साधे होते : कामगार शिकला नाही, तर उणीव शिकवणाऱ्याची.