कफाचा आळस
भांडी पडलीत, पण उठवत नाही. अशा वेळी फ्रेंच माणूस 'जे ला फ्लेम' (मला आळस आलाय) म्हणून मोकळा होतो. हा 'फ्लेम' इटालियनमधून आला, पण मुळात ग्रीक 'फ्लेग्मा', म्हणजे चक्क कफ! रक्त, कफ, पिवळं नि काळं पित्त असे चार रस मानणाऱ्या जुन्या युरोपीय वैद्यकात कफ थंड, ओला. तो वाढला की माणूस सुस्त. (आपल्या वैद्यांनाही हे पटेल.) गंमत म्हणजे 'फ्लेग्मा'च्या मूळ धातूचा अर्थ 'जळणं'! याचंच पुस्तकी भावंड 'फ्लेग्म' मात्र इंग्रजांच्या थंड डोक्याची तारीफ करतं. अट्टल कामचुकाराला 'फ्लेम' पुरत नाही; त्याच्या तळहातावर केस उगवलाय म्हणतात. राबणाऱ्या हातावर तो टिकेल कशाला?