रूम फ्रेशनरचा वास सहन होत नाही? हा नखरा नाही, कारण समजून घ्या

नागपुरात एप्रिल लागला की कूलर पुन्हा खिडकीत बसतात, जुन्या ताट्या बदलल्या जातात आणि दुकानांत आणखी एक छोटी बाटली दिसायला लागते. कूलरच्या पाण्यात टाकायचं सेंट. खस, गुलाब, मोगरा, हवा तो वास. चार थेंब टाकले की घरभर दरवळ.

काहींना त्यानं प्रसन्न वाटतं. पण त्याच घरात कुणाचं तरी डोकं ठणकायला लागतं, कुणाला शिंका येतात, कुणाचे डोळे चुरचुरतात. तक्रार केली की उत्तर ठरलेलं असतं, "आम्हाला तर काही होत नाही, तुझंच नाक नाजूक!"

कूलरचं सेंट, रूम फ्रेशनर, प्लगला लावायचं मशीन, कारमधलं जेल, बाथरूममधली डांबरगोळी, सेंटेड मेणबत्ती. घरातल्या कृत्रिम वासांची यादी वाढत चालली आहे. मग त्यांचा त्रास खरंच होतो, की ती फक्त नावड असते?

एकाच खोलीत दोघांना वेगळा अनुभव का येतो?

वास येतो म्हणजे त्या पदार्थाचे सूक्ष्म कण हवेतून नाकात पोहोचलेले असतात. सुगंधी उत्पादनांमधून प्रामुख्यानं सहज हवेत उडणारी रसायनं बाहेर पडतात. नाकात त्यांची दखल दोन यंत्रणा घेतात. एक वास ओळखते. दुसरी, म्हणजे ट्रायजेमिनल चेतातंतू, झोंबणं, जळजळ, चुरचुर जाणवून देते. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी येतं ते याच दुसऱ्या यंत्रणेमुळे.

मायग्रेन असलेल्या अनेकांना अर्धशिशीच्या वेळी साधा वासही असह्य होतो. वैद्यकशास्त्रात याला ऑस्मोफोबिया म्हणतात. दमा असलेल्यांची श्वासनलिका आधीच संवेदनशील असते, त्यामुळे तीव्र वासानं खोकला किंवा धाप लागू शकते.

आता दुसरी बाजू. एकच वास सतत येत राहिला की नाकाला त्याची सवय होते आणि काही मिनिटांत तो जाणवेनासा होतो. त्यामुळे स्प्रे मारणाऱ्याला वाटतं, वास गेला, अजून थोडा मारू. रसायन मात्र हवेत तसंच असतं. म्हणजे "मला काहीच वास येत नाही" म्हणणारा आणि "डोकं दुखतंय" म्हणणारा, दोघंही खरं बोलत असतात.

डब्यात नेमकं असतं काय?

लेबल पाहिलंत तर बहुतेकदा 'परफ्यूम' किंवा 'फ्रॅग्रन्स' एवढा एकच शब्द सापडतो. त्या एका शब्दामागे अनेक रसायनांचं मिश्रण असू शकतं. कंपन्या आपला फॉर्म्युला व्यापारी गुपित म्हणून जपतात.

यातलं एक नेहमीचं रसायन म्हणजे लिमोनीन, लिंबू-संत्र्याच्या वासाचं. ते हवेतल्या ओझोनशी संयोग पावलं की फॉर्माल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्ये फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या गटात टाकलं. जमिनीलगतचा ओझोन वाहनांच्या धुरातल्या वायूंपासून कडक उन्हात तयार होतो, आणि विदर्भात उन्हाची कमतरता नाही.

याचा अर्थ एकदा स्प्रे मारला की कर्करोग होतो, असा नाही. प्रमाण किती, खोली किती बंद आणि वापर किती रोजचा, यावर धोका ठरतो.

डांबरगोळ्यांबाबत मात्र जास्त सावध राहायला हवं. त्यातल्या नॅफ्थलीनमुळे जी-सिक्स-पी-डी नावाच्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या रक्तातल्या लाल पेशी फुटू शकतात आणि गंभीर कावीळ होऊ शकते. बाळाचे कपडे आणि दुपटी डांबरगोळ्या घातलेल्या कपाटात ठेवू नयेत.

अभ्यास काय सांगतात?

सुगंधी उत्पादनांवर दीर्घकाळ संशोधन करणाऱ्या अ‍ॅन स्टाइनमन यांनी अमेरिकेत केलेलं सर्वेक्षण २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात ३४.७ टक्के लोकांनी सुगंधी उत्पादनांमुळे डोकेदुखी, श्वासाचा त्रास यांसारख्या तक्रारी होत असल्याचं सांगितलं.

ब्रिटनमध्ये ब्रिस्टल परिसरात नव्वदच्या दशकात सुरू झालेल्या, १४ हजारांहून अधिक गरोदर महिलांच्या अभ्यासातूनही एक निरीक्षण पुढे आलं. ज्या घरांत एअर फ्रेशनर आणि एरोसोलचा वापर जास्त होता, तिथे बाळांना जुलाब व कानदुखी आणि आयांना डोकेदुखी व नैराश्य जास्त आढळलं.

दोन्हींची मर्यादा लक्षात ठेवायला हवी. पहिल्यात लोकांनी स्वतः सांगितलेली माहिती आहे. दुसऱ्यात दोन गोष्टी सोबत आढळल्या, पण एकीमुळेच दुसरी झाली हे त्यातून सिद्ध होत नाही. तरीही त्रास होणारे लोक मोजके किंवा हट्टी नाहीत, एवढं यातून दिसतं.

'नॅचरल' लिहिलं की सुरक्षित?

लिमोनीन संत्र्याच्या सालीतही असतं, म्हणून त्याचं रसायन बदलत नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत वॉलमार्टनं 'इसेन्शियल ऑइल'युक्त एक रूम स्प्रे बाजारातून परत मागवला. भारतात तयार झालेल्या या स्प्रेमध्ये मेलिऑइडोसिस या आजाराचे जिवाणू सापडले होते. चौघांना लागण झाली, त्यातल्या एका लहान मुलासह दोघांचा मृत्यू झाला. घटना दुर्मीळ होती, पण आकर्षक लेबल म्हणजे सुरक्षिततेची हमी नाही हे तिनं दाखवलं.

मग आपला वाळा? ओल्या मुळांचा वास मंद असतो. शिवाय कूलर नीट चालायला दुसरीकडचं दार-खिडकी उघडी ठेवावी लागते, त्यामुळे हवा वाहती राहते. एसीच्या बंद खोलीत मारलेला स्प्रे मात्र तिथेच साचतो. अर्थात वाळ्याचा वासही कुणाला सोसत नसेल, तर तो त्रासही खराच.

वास झाकला की इशाराही झाकतो

रूम फ्रेशनर दुर्गंधीचं कारण काढत नाही, त्यावर दुसरा वास चढवतो. यातली खरी अडचण अशी की दुर्गंधी अनेकदा उपयोगी असते.

स्वयंपाकाच्या गॅसला मुळात जवळजवळ वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचं इथाइल मर्कॅप्टन मिसळतात. सतत दरवळणाऱ्या घरात तो इशारा उशिरा लक्षात येऊ शकतो. कूलरमधून कुबट वास येतोय म्हणजे पाणी साचून खराब झालंय. त्याच साचलेल्या पाण्यात डेंग्यू पसरवणारे एडिस डास अंडी घालतात. सेंटनं वास जाईल, अळ्या नाही. भिंतीच्या ओलीचा आणि बुरशीचा वासही असाच दुरुस्तीची आठवण करून देत असतो.

आणखी एक खबरदारी. अनेक स्प्रेच्या डब्यांत पेट घेणारा वायू दाबाखाली भरलेला असतो. ५० अंश सेल्सिअसपेक्षा जास्त तापमानात ठेवू नका, असं त्यावर लिहिलेलं असतं. मे महिन्यात नागपूरच्या उन्हात बंद कार आतून याहून जास्त तापते. असा डबा कारमध्ये ठेवू नका.

मग करायचं काय?

• आधी वासाचं मूळ शोधा. नाली, कचऱ्याचा डबा, ओली पायपुसणी, फ्रिज, कूलरची टाकी.
• कूलरची टाकी आठवड्यातून किमान एकदा रिकामी करून घासा आणि कोरडी होऊ द्या.
• सकाळी ऊन चढण्याआधी समोरासमोरची दारं-खिडक्या उघडा. बाथरूम आणि स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅन वापरा.
• फ्रिजमध्ये वाटीत खाण्याचा सोडा ठेवा. तो नवा वास न सोडता दुर्गंधी कमी करतो.
• अगरबत्ती, धूप लावताना खिडकी उघडी ठेवा. धूर सुगंधी असला तरी धूरच असतो.
• दमा, मायग्रेन असलेली व्यक्ती, गरोदर महिला किंवा तान्हं बाळ घरात असेल तर स्प्रे आणि प्लग-इन टाळलेलेच बरे.
• त्रास कुठे, कधी आणि कोणत्या वासानं होतो याची आठवडाभर नोंद ठेवा. धाप लागत असेल किंवा डोकेदुखी वारंवार होत असेल तर ही नोंद डॉक्टरांना दाखवा.

ऑफिसात किंवा घरी बोलताना "हा वास घाणेरडा आहे" म्हटलं की वाद आवडीनिवडीवर जातो. "या वासानं माझं डोकं दुखतं, आठवडाभर बंद ठेवून पाहू या का?" असं विचारलं तर मार्ग निघू शकतो. कॅनडातल्या हॅलिफॅक्स शहरात तर रुग्णालयं आणि विद्यापीठानं आपल्या आवारात तीव्र सुगंध टाळण्याचं धोरणच स्वीकारलं.

भारतातली २००९ ची हवेच्या गुणवत्तेची राष्ट्रीय मानकं बाहेरच्या हवेसाठी आहेत. घरातल्या हवेत काय मिसळायचं, हे घरातल्यांनाच ठरवावं लागतं. ते ठरवताना ज्याला त्रास होतो त्याचंही ऐकलं पाहिजे. कारण स्वच्छ हवेला कोणताही वास नसतो.